रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात नव्याने रुजू होताय? पहाटेपासून रात्रीपर्यंतचं काम, क्रमाने

शर्यतीचे घोडे तयार करणाऱ्या तबेल्यात मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा) म्हणून कामाला लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घोड्यावर बसता येत असेल तर उत्तमच, पण येत नसलं तरी अडत नाही. अडतं ते साध्यासाध्या गोष्टींवर: घोड्याकडे कुठल्या बाजूने जायचं, दोरी कशी धरायची, घोड्याने चंदी (दाण्याचा खुराक) न खाता टाकली तर कोणाला आणि कधी सांगायचं. पहिल्या आठवड्यात हे कोणी समोर बसवून शिकवत नाही, कारण पहाटे सगळ्यांनाच घाई असते.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. तुमच्या वाट्याला तीन-चार घोडे येतील. त्यातल्या प्रत्येकाचं 'नेहमीचं' काय, हे तुम्हाला पाठ हवं. किती खातो, पाणी कधी पितो, कुठल्या घोट्याला जुनी सूज आहे, ठाणात (त्याच्या खोलीत) तोंड कुठे करून उभा राहतो. ट्रेनर आणि डॉक्टर कितीही जाणकार असले तरी ते घोड्यापाशी पाच-दहा मिनिटं थांबतात. काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी तुम्हालाच दिसणार. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

1. रुजू होण्याआधी कागद आणि सामान जमवा

कागद साधारण असे लागतात:

- ओळखपत्र आणि वयाचा पुरावा, फोटोंसह
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- धनुर्वाताची लस घेतल्याची नोंद
- रेसिंगचं नियमन करणाऱ्या संस्थेचा परवाना किंवा पास. अर्ज सहसा ट्रेनरच्या सहीने जातो
- अपघात विम्याची कागदपत्रं, नाहीतर तबेल्याने तुमचा विमा उतरवल्याचं लेखी

धनुर्वाताची लस 'नंतर बघू' म्हणून टाळू नका. त्या रोगाचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतातच, आणि या कामात हाताला रोज काहीतरी खरचटतं. पास हातात येईपर्यंत ट्रॅकवर किंवा शर्यतीच्या आवारात जायचं नाही. 'आपलीच माणसं आहेत, चालतं' असं कोणी म्हटलं तरी नाही.

सामानात पुढे कडक टोपी असलेले बूट, हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट, हातमोजे, खिशात मावणारी वही आणि पेन. अंगठ्या, कडी, लोंबते स्कार्फ घरी ठेवा. दोरीत अडकलेल्या अंगठीने बोट जातं, ही भीती घालायची गोष्ट नाही, खरोखर होतं तसं. खरारा, ब्रश, हूफपिक (खूर कोरायचा आकडा), स्पंज, बँडेज हे तबेला देतो. पण प्रत्येक घोड्याचा संच वेगळा ठेवा. गजकर्णासारखे त्वचारोग ब्रशवरूनही एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातात.

2. कोण काय ठरवतं ते समजून घ्या

कुठला घोडा आज किती पळणार हे ट्रेनर ठरवतो. ते अमलात आणतो त्याचा सहायक किंवा मुख्य मोतद्दार. सकाळचा व्यायाम करून घेणारे स्वार वेगळे, शर्यतीत बसणारा जॉकी बहुतेक वेळा वेगळा. नालबंद आणि डॉक्टर ठरल्या वेळी येतात. तुमची तक्रार, शंका, निरीक्षण सगळं मुख्य मोतद्दारापाशी जातं. परस्पर डॉक्टरांना सांगू नका, आणि मालक भेटायला आले तर घोड्याच्या तब्येतीवर आपलं मत देत बसू नका. ते काम ट्रेनरचं आहे.

3. पहाटेची पहिली पंधरा मिनिटं: आधी बघा, मग हात लावा

दिवे लागायच्या आधी दारातूनच बघायची सवय लावा. क्रम असा:

आधी गव्हाण. रात्रीची चंदी संपली का? अर्धी उरली असेल तर ती झाडून टाकण्याआधी दाखवा. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच: गव्हाण चकाचक करून टाकतो आणि पुरावाच नाहीसा होतो. व्यायामाचा ताण जास्त झालाय, पोटात अल्सर आहे, दात टोचतायत, ताप येतोय, यातलं काहीही असलं तरी पहिली खूण बहुधा उरलेली चंदी असते.

मग पाणी आणि लीद. घोडा दिवसाला साधारण 25 ते 45 लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपोआप भरणाऱ्या भांड्यात किती प्यायला ते कळत नाही, म्हणून पुष्कळ तबेले अजून बादलीच पसंत करतात, आणि मला तेच बरोबर वाटतं. लिदीचे गोळे पडून फुटतील इतपत ओलसर हवेत. रात्रभरात लीदच नाही, बेडिंग (खाली अंथरलेला भुसा-पेंढा) सगळं उधळलंय, अंगाला भुसा चिकटलाय, घोडा वळून कुशीकडे बघतोय किंवा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, तर तो पोटशूळ समजून तिथल्या तिथे मुख्य मोतद्दाराला हाक मारा. घोड्याला उलटी करता येत नाही. आत अडकलेलं वरून बाहेर येण्याचा मार्गच नसतो, त्यामुळे 'थोडं थांबून बघू' इथे चालत नाही. चारा काढून घ्या आणि डॉक्टर येईपर्यंत स्वतःच्या मनाने कुठलंही औषध देऊ नका.

मग ताप. गुदद्वारात थर्मामीटर धरून बघायचा, उभं राहायचं ते मागे नाही, बाजूला, पुठ्ठ्याला (मागच्या पायावरच्या मांसल भागाला) खेटून. विश्रांतीत असलेल्या घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं. नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. पण हे आकडे सरसकट आहेत. तुमचा घोडा रोज 37.6 दाखवत असेल आणि आज 38.4 दाखवतोय, तर कागदावर तो ठीक आहे आणि तरीही सांगायची गोष्ट आहे. वही त्यासाठीच आहे.

शेवटी पाय, आणि इथे वेळ काढा. घोड्याच्या वजनातला साठ टक्क्यांच्या आसपासचा भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून सुरुवात तिथून. गुडघ्याखालून नळीच्या हाडामागे तळहात ठेवा आणि बोटं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबत घोट्यापर्यंत या. टेंडन (स्नायूबंध) ताणलेल्या दोरीसारखा घट्ट, कडा स्पष्ट, आणि थंड लागला पाहिजे. मग दुसरा पाय, तसाच. दोन्ही पाय एकमेकांशी ताडून बघण्यात सगळी कला आहे: एका जागी बोटभर उबदार लागलं, कड किंचित फुगीर वाटली, दाबल्यावर घोड्याने पाय झटकला, तर आजचा व्यायाम थांबवण्याइतकं ते महत्त्वाचं असू शकतं. दोन वर्षांच्या कोवळ्या घोड्यांत नळीच्या पुढच्या बाजूलाही हात फिरवा. वेगाच्या कामाला हाड अजून सरावलेलं नसतं तेव्हा तिथे दुखरेपणा येतो. हे तपासायचं ते व्यायामाआधी, बँडेज काढल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन. नाहीतर बँडेजची ऊब तुम्ही दुखापत समजून बसाल.

4. घोड्याजवळ जाणं आणि त्याला बाहेर काढणं

घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि शेपटीमागे दिसत नाही. म्हणून बोलत बोलत, डाव्या खांद्याच्या दिशेने जा. अस्सल थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) दचकतो तो दुष्टपणाने नाही, त्याच्या अंगातच पळून जाणं आहे. कान मागे चपटे, शेपटी फटकारतोय, पुठ्ठा तुमच्याकडे वळवतोय, तर आत जाऊ नका. आधी त्याला तोंड फिरवू द्या.

मोरकी (तोंडावर चढवायचे पट्टे) चढवून बागडोर (धरून न्यायची दोरी) लावली की चार गोष्टी पक्क्या:

- दोरी हाताला गुंडाळायची नाही. जास्तीची दोरी घडी करून दुसऱ्या हातात.
- दार पूर्ण उघडायचं. अर्धवट दारात घोड्याचं नितंबाचं हाड आपटलं की तो पुढच्या वेळी दारातून उडीच मारतो.
- आत सोडताना आधी घोड्याला वळवून तोंड दाराकडे करायचं, मगच मोरकी काढायची. नाहीतर तो आनंदाने मागचे पाय झाडतो आणि तुम्ही नेमके तिथेच उभे असता.
- बांधताना एका हिसक्यात सुटणारी गाठ, आणि ती थेट लोखंडी कडीला नाही. कडीत सुतळीचा फेरा घालून त्याला बांधा. घोडा घाबरून मागे ओढू लागला तर सुतळी तुटते, मान वाचते.

5. ठाण साफ करणं

लीद आणि ओलं बेडिंग उचला, कडेचं कोरडं मध्ये ओढा, कडांना भिंतीलगत उंच बांध घाला म्हणजे लोळताना पाय भिंतीत अडकत नाहीत. शक्यतो घोडा ट्रॅकवर असताना हे उरका. झाडताना उडणारी धूळ आणि मुताचा अमोनिया थेट फुफ्फुसात जातो. तुमच्या डोळ्यांना चुरचुरत असेल तर घोड्याला, खाली मान घालून चरताना, त्याहून जास्त त्रास होतो. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, आणि गॅलपमध्ये (भरधाव पळताना) प्रत्येक ढांगेला एकच श्वास. त्या श्वासमार्गात कफ असेल तर उरलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी.

6. खरारा आणि खोगीर

व्यायामाआधीचा खरारा थोडक्यात, नंतरचा सावकाश. खूर मात्र दोन्ही वेळा कोरायचे: हूफपिक टाचेकडून टोकाकडे, मधल्या मऊ भागाला जपून. नाल हलतोय का, खिळा वर आलाय का तेही तेव्हाच दिसतं. नाल साधारण तीन ते पाच आठवड्यांनी बदलतात. शर्यतीसाठी बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या हलक्या प्लेट लावतात.

खोगिराखालचं कापड थोडं पुढे ठेवून मागे सरकवा म्हणजे केस उलटे होत नाहीत. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एका दमात आवळू नका. आधी एक-दोन भोकं, चार पावलं चालवा, मग उरलेलं. काही घोडे तंग आवळताच अंग फुगवतात, काही थेट खाली बसतात. कोण काय करतो हे आधी विचारून घ्या.

7. ट्रॅकवर काय चाललंय ते समजून घ्या

घोडे गटागटाने जातात, त्याला 'लॉट' म्हणतात. पहिला लॉट उजाडता उजाडता निघतो, कारण हवा थंड असते आणि ट्रॅक नुकताच नीट केलेला असतो. बहुतेक दिवशी चाल, दुडकी आणि संथ कॅंटर (सावकाश दौड); वेगाचं काम आठवड्यातून एखाद-दोन वेळाच.

अंतर फर्लाँगमध्ये मोजतात, एक फर्लाँग म्हणजे सुमारे 201 मीटर. 'पंधराने आला' असं ऐकलं तर तो फर्लाँग 15 सेकंदांत, म्हणजे ताशी 48 किलोमीटरच्या आसपास. 12 सेकंदांचा फर्लाँग म्हणजे ताशी 60. नवीन माणसाला वाटतं की रोज जोरात पळवलं की घोडा तयार होतो. दम लवकर तयार होतो, हाडं आणि टेंडन त्यामानाने फार सावकाश. रोज भरधाव पळवलेला घोडा शर्यतीआधीच लंगडतो.

स्वार उतरला की त्याला विचारा: श्वास कसा होता, आवाज येत होता का, कुठल्या बाजूला झुकत होता. स्वार लगेच पुढच्या घोड्याकडे जातो. तेवढ्या मिनिटात विचारलं तर विचारलं.

8. परत आल्यावर

घोडा तापलेला असतो. जोरात पळताना नाडी मिनिटाला 220 च्या वर जाते, ती उतरेपर्यंत हातात धरून चालवा. गरम अंगावर थंड पाणी घातलं तर स्नायू आखडतात, असं तुम्हाला कोणीतरी ठामपणे सांगेलच. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत उष्ण, दमट हवेतल्या घोड्यांवर यावर मुद्दाम अभ्यास झाले, आणि भरपूर थंड पाणी ओतत राहणं सुरक्षित आणि परिणामकारक ठरलं. तेव्हा मान, छाती, पाय, पोटाखाली, पुठ्ठा, सगळीकडे पाणी घाला. अंग थंड लागेपर्यंत पुन्हा पुन्हा. ओला कपडा टाकून उभं करू नका, उष्णता आत कोंडते. पाणी प्यायलाही द्या, थोडं थोडं.

नाकपुडीत रक्ताचा थेंब दिसला तर पुसण्याआधी दाखवा. जोराच्या पळण्यात फुफ्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात. बहुतेक वेळा ते बाहेर दिसतही नाही, त्यामुळे दिसलं तर त्याची नोंद झालीच पाहिजे. चालताना घोडा अचानक आखडला, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे लागले, घाम थांबेना, तर चालवणं ताबडतोब बंद. 'चालला की मोकळा होईल' हा सल्ला इथे घातक आहे. स्नायूच फाटत असतात, आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर मूत्रपिंडावरही बेतू शकतं.

9. चारा: वेळ, वजन आणि सावकाश बदल

एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं असतं. म्हणून चंदी दिवसातून तीन-चार वेळा विभागून, एका वेळी साधारण दोन किलोच्या आत. वाळलेलं गवत मात्र शक्य तितका वेळ समोर असावं. जठरात आम्ल सतत तयार होत असतं, चघळताना गिळलेली लाळ ते शमवते. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या रेसच्या घोड्यांना अल्सर होतो तो यामुळेच.

- दाणा मापून नाही, तोलून द्या. ओट्सचा डबा आणि पेलेटचा डबा यांचं वजन सारखं नसतं.
- नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळा.
- सुट्टीच्या दिवशी दाणा कमी. भरपूर दाणा खाऊन एक दिवस उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामावर आखडतो. वर सांगितलेला प्रकार बरेचदा असाच होतो.
- बुरशीचा वास आलेलं गवत बाजूला काढा, 'वरचं काढून खालचं' करू नका.

10. मनाई असलेले पदार्थ: सगळ्यात मोठा सापळा

इथे भले भले फसतात. घोड्याच्या लघवीत किंवा रक्तात मनाई केलेल्या पदार्थाचा अगदी सूक्ष्म अंश सापडला तरी शर्यतीतलं स्थान जातं आणि चौकशी ट्रेनरची होते. आणि हे अंश नेहमी कोणी मुद्दाम दिलेले असतात असं नाही. चहा-कॉफीत कॅफीन असतं, चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन, खसखशीत मॉर्फीनचा अंश. दुखऱ्या कमरेला चोळलेलं वेदनाशामक मलम तुमच्या हातावरून घोड्याच्या तोंडात जातं.

म्हणून ठाणाजवळ खाणं-पिणं नाही, तुमच्या ताटातलं घोड्याला काही नाही, औषधाच्या हाताने लगाम धरायचा नाही. आणि ठाणात लघवी कधीही करायची नाही. हे वाचून हसू येईल, पण माणसाने घेतलेलं औषध लघवीवाटे बेडिंगवर, तिथून घोड्याच्या पोटात, असं घडून नमुने सदोष निघाल्याची प्रकरणं वेगवेगळ्या देशांत झालेली आहेत. तुम्हाला स्वतःला एखादी गोळी चालू असेल तर रुजू होतानाच सांगा. औषध दिलेल्या घोड्याची बादली दुसऱ्याला वापरू नका, आणि दिलेलं प्रत्येक औषध त्याच क्षणी रजिस्टरमध्ये लिहिलं जाईल हे बघा.

11. दुपार आणि संध्याकाळ

दुपारी तबेला शांत ठेवायचा. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि आवाज, येणंजाणं असलं की तो आडवा होत नाही. रेडिओ, मोठ्याने फोन, बादल्यांची आदळआपट सगळं बंद.

संध्याकाळी पुन्हा थोडं चालवणं, खरारा, पाय बघणं. मग ट्रेनरची फेरी. घोडा मोरकी घालून सरळ उभा, बँडेज काढलेली, तुम्ही डोक्यापाशी. 'कसा आहे?' याला 'ठीक आहे' हे उत्तर नाही. 'सकाळी चंदी पाव टाकली, दुपारी संपवली, डावा घोटा काल होता तसाच' असं सांगा. काही दिसलंच नसेल तर तसं सांगा. मनाने भर घालू नका.

बँडेज बांधताना खाली कापूस सारखा पसरलेला हवा, दाब सगळीकडे एकसारखा, गाठ बाहेरच्या बाजूला. टेंडनवर गाठ आली किंवा एकच फेरा जास्त आवळला तर बँडेजच दुखापत करतं. पायाजवळ बसताना गुडघे टेकू नका. उकिडवे राहा, निसटायला तेवढाच वेळ मिळतो.

12. शर्यतीचा दिवस

आदल्या संध्याकाळी काढून ठेवा: घोड्याचा पासपोर्ट (त्याच्या ओळखीची पुस्तिका), तुमचा पास, लगाम, स्वच्छ बादल्या, घोड्याचं नेहमीचं पाणी पिण्याचं भांडं, अंगावरचं कापड, खरारा-ब्रश. दाणा शर्यतीच्या काही तास आधी बंद होतो. किती आधी, ते ट्रेनर सांगेल.

आवारात शिरताना मानेतली मायक्रोचिप आणि पासपोर्टमधल्या कपाळाच्या-पायांच्या खुणा, केसांचे भोवरे जुळवून बघतात. त्यानंतर घोडा एकटा सोडायचा नाही, अनोळखी माणसाला हात लावू द्यायचा नाही, दुसऱ्याच्या बादलीतलं पाणी नाही.

शर्यतीनंतर नमुन्यासाठी बोलावलं तर तुम्हीच घोड्यासोबत जाता. लघवीसाठी स्वच्छ ठाणात सोडतात आणि तिथला माणूस हलकी शीळ घालत लांब दांडीचं भांडं धरून उभा राहतो. वेळ लागतो, घाई करू नका. नमुना दोन भागांत सीलबंद करतात. सीलवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक स्वतः ताडून बघा, मगच सही करा. न वाचता केलेली सही नंतर कोणाच्याच उपयोगाची नसते.

घरी आल्यावर पाणी, गवत, मग हलकी चंदी. रात्री उशिरा एकदा गव्हाण बघून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक, सपाट जमिनीवर सैल दोरीने दुडकी चालवून दाखवावी लागते. समोरून बघणाऱ्याला मान वर-खाली होताना दिसली तर पुढचा पाय दुखतोय: दुखरा पाय टेकतो तेव्हा मान वर जाते. दोरी आखडून धरली तर हे दिसतच नाही, म्हणून हातभर ढील द्या आणि घोड्याकडे न बघता सरळ समोर पळा.